गळ टाकण्यापूर्वीं

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटलें असेल. मासे धरण्याचा परवाना ही कांहीं शहरांतील घरांना रोज लागणारी वस्तु नव्हे. शिधापत्रिका, मोटार चालविण्याचा परवाना, पारपत्र यांची गोष्ट निराळी. पण नदीकांठीं बसून हौसेनें गळ सोडावयाचा तर त्यासाठीं सरकारदरबारीं नांव नोंदवावें लागतें, हें आमच्या पिढीला तरी चमत्कारिक वाटतें. मलाही तें तसेंच वाटत असे. त्या समजुतीपायीं २०२४ सालच्या उन्हाळ्यांत माझ्यावर एक प्रसंग आला. आला म्हणण्यापेक्षां मींच तो ओढवून घेतला. तो आपल्यापुढें सांगावा आणि त्या निमित्तानें या परवान्याची व्यवस्था कशी असते तीही सांगावी, असा माझा विचार आहे.

माझें बालपण वाईच्या बाजूला कृष्णाकांठीं गेलें. शाळा सुटली कीं वेळूची एक काठी, दोरा, बाजारांतून आणलेला पांच पैशांचा गळ आणि उकिरडा उकरून काढलेलीं गांडुळें, एवढें साहित्य घेऊन आम्ही डोहावर जात असूं. दोऱ्याला बुचाचा तुकडा बांधलेला असे. तो पाण्यावर डुलत राही. एकाएकीं बुडाला कीं मासा लागला असें समजावयाचें. परवानगी कोणाची घ्यावयाची? नदी सर्वांची! नियम एकच होता आणि तो आईनें घातलेला होता : दिवेलागणीच्या आंत घरीं यावें. पुढें मी शिक्षक झालों, तरी ही आवड सुटली नाहीं. नोकरींत असतांना सुटीच्या दिवशीं कोठें तरी पाणी शोधून दोन घटका बसण्यांत मला जें सुख वाटे तें इतर कशांतही वाटलें नाहीं.

माझी कन्या इंग्लंडांत नॉटिंगहॅम शहरीं असते. २०२४ च्या एप्रिलांत आम्ही उभयतां तिच्याकडे गेलों. गांवालगत ट्रेंट नांवाची मोठी नदी वाहते. कारखान्यांचें व गांवोगांवचें सांडपाणी घेऊन विसाव्या शतकांत ही नदी पुष्कळ नासली होती. पण पुढें तिची निगा घेण्यांत आली व आज तींत मासा भरपूर आहे. माझा नातू तेव्हां बारा वर्षांचा होता. त्याला नदीचें वेड माझ्यासारखेंच. पहिल्याच आठवड्यांत आम्ही दोघे कांठावर जाऊन आलों. पाणी सुरेख, कांठावर गवत, राजहंसांच्या जोड्या पोहत आहेत. पण गळ घेऊन बसलेला मनुष्य औषधालाही दिसेना. मीं विचारलें, “कां रे, येथें कोणी मासे धरीत नाहीं काय?”

“आतां बंदी आहे, आजोबा. सोळा जूनला उघडते.”

पुढचे दोन महिने तो मुलगा दिनदर्शिकेवर एकेक दिवस खोडीत होता.

ही बंदी काय आहे तें प्रथम सांगतों, कारण सर्व नियमांत मला ती अधिक शहाणपणाची वाटली. इंग्लंड व वेल्स या प्रांतांत नद्यांवर १५ मार्चपासून १५ जूनपर्यंत, दोन्ही दिवस धरून, सामान्य जातीच्या माशांवर गळ टाकतां येत नाहीं. हा काळ त्यांच्या विणीचा. या काळांत मादी उथळ पाण्यांत, वाळूगोट्यांत, पाणवनस्पतींत अंडीं घालते. तेव्हां तिला त्रास होऊं नये हा हेतु. हा नियम कांहीं आजचा नव्हे. शेफील्ड हें चाकू-कात्र्यांचें व पोलादाचें गांव. तेथील कामकरी लोक सुटीच्या दिवशीं नदीवर जात. नदींतला मासा कमी होत चालला ही त्यांची तक्रार त्यांचे पार्लमेंटांतील प्रतिनिधि मंडेला यांनीं हातीं घेतली आणि १८७८ सालीं कायदा करून घेतला. नांव ऐकून आपणांस दक्षिण आफ्रिकेची आठवण होईल, पण हे गृहस्थ निराळे. मासे धरणाऱ्यांनींच मासे धरण्यावर बंदी मागितली, हें माझ्या मनाला फार लागून राहिलें आहे. पुढें १९९५ सालीं बहुतेक तळ्यांवरची आणि २००० सालीं बहुतेक कालव्यांवरची ही बंदी उठविण्यांत आली. नद्यांवर मात्र ती आजही चालू आहे.

‘सामान्य जातीचे’ असें मीं म्हटलें, त्याचाही खुलासा करणें जरूर आहे. त्या देशांत गोड्या पाण्यांतील माशांतही जातिभेद आहे. सालमन आणि ट्राउट हे खानदानी. बाकी सारे ‘कोर्स’, म्हणजे आपल्या भाषेंत भरडे! ज्वारी-बाजरीला भरड धान्य म्हणावें त्यांतलाच प्रकार. सालमनचा परवाना वेगळा व अधिक महाग. आमच्यासारख्यांस भरड्या माशांचा पुरे.

आतां परवान्याची कथा. तेथें गोड्या पाण्यांत काठी व दोरा घेऊन मासे धरणाऱ्या, तेरा वर्षें पुरीं झालेल्या प्रत्येकास परवाना पाहिजे. पाहुणा असो कीं रहिवासी असो, नदी सार्वजनिक असो कीं तळें स्वतःच्या मालकीचें असो, त्यांत सुटका नाहीं. स्कॉटलंडांत मात्र निराळी पद्धत आहे, आणि समुद्रांत हौसेनें गळ टाकणाऱ्याला हा परवाना लागत नाहीं. परवाना एक दिवसाचा, आठ दिवसांचा किंवा बारा महिन्यांचा मिळतो. वर्षाच्या परवान्यांत वृद्धांस व अपंगांस सवलत आहे. माझ्या मुलीनें संगणकावर बसून माझें नांव, पत्ता, जन्मतारीख, माशांचा वर्ग, काठ्यांची संख्या व मुदत हीं सारीं भरलीं, पैसे दिले, आणि चहा निवण्यापूर्वीं परवान्याचा क्रमांक घरांत आला. शिफारस नाहीं, शिक्का नाहीं, ‘उद्यां या’ नाहीं. मला जन्मभराच्या सवयीमुळें त्यांत कांहीं तरी चुकलें आहे असेंच वाटत राहिलें.

पण सरकारी परवाना म्हणजे पहिलें कुलूप. पाणी ज्याच्या ताब्यांत असेल त्याची परवानगी हें दुसरें. नदीचे बरेचसे कांठ तेथें जमीनदारांच्या किंवा गळवाल्यांच्या मंडळांच्या हातीं असतात. त्यांचें दिवसाचें तिकीट निराळें काढावें लागतें. परवाना आहे म्हणून कोणाच्याही कांठावर बसतां येत नाहीं, आणि तिकीट आहे म्हणून परवान्यांतून मोकळीक मिळत नाहीं. शिवाय त्या त्या मंडळाचे घरगुती नियम असतात : अमुक आमिष चालणार नाहीं, गळाला उलटा कांटा नसावा, रात्रीं बसूं नये, असे. मीं एक दिवसाचा परवाना घेतला, मंडळाचें तिकीटही घेतलें. कागद घडी घालून खिशांत ठेवले, आणि सर्व कांहीं यथासांग झालें असें समजलों.

१६ जूनला रविवार होता. आम्ही पहांटे निघालों. तेथें त्या दिवसांत पांचाच्या आंत उजाडतें. कांठावर दर पन्नास पावलांवर एकेक माणूस छत्री उभारून बसला होता. कोणी मध्यरात्रीं बाराच्या ठोक्यापासून आलेले होते. आम्ही दोन काठ्या लावल्या, एक माझी, एक नातवाची. दोन तासांत त्यानें चार लहान मासे धरले व सोडले. मला एकही मिळाला नाहीं. साडेदहाचे सुमारास गणवेश घातलेला एक मध्यम वयाचा गृहस्थ कांठानें चालत आमच्याकडे आला. त्यांस तेथें ‘बेलिफ’ म्हणतात. आपल्याकडे बेलिफ म्हटला कीं जप्तीचा हुकूम घेऊन आलेला कोर्टाचा माणूस डोळ्यांपुढें येतो. तेथें पाण्यावर देखरेख करणाऱ्याचेंही नांव तेंच आहे. त्यानें आपलें ओळखपत्र दाखविलें, हवापाण्याच्या दोन गोष्टी केल्या व माझा परवाना मागितला. मीं मोठ्या ऐटीनें दोन्ही कागद पुढें केले. त्यानें ते वाचून परत दिले आणि नातवाकडे बोट करून विचारलें, “आणि या तरुण गृहस्थांचें वय काय?”

श्रोतेहो, येथें मला थोडें थांबलें पाहिजे. मीं माझ्या बुद्धीनें नियमांचा जो अर्थ लावला होता तो असा : तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना परवान्याचे पैसे पडत नाहींत हें मीं वाचलें होतें. ज्याचे पैसे नाहींत तो काढावयाचा कशाला? शिवाय माझ्या परवान्यावर ‘दोन काठ्यांपर्यंत’ असें स्पष्ट लिहिलें होतें. तेव्हां एक काठी माझी व दुसरी नातवाची, असा हिशेब मीं मनांत बसविला होता. त्या माणसाचा प्रश्न ऐकतांक्षणींच माझ्या ध्यानांत आलें कीं या हिशेबांत कांहीं तरी खोट आहे. मुलाला तेरावें वर्ष पुरें होऊन बारा दिवस झाले होते. मीं उत्तर दिलें, “बारा.”

तीस-पस्तीस वर्षें ज्यानें मुलांना खोटें बोलूं नये म्हणून शिकविलें त्याच्या तोंडून हें उत्तर विचार करण्यापूर्वींच निघालें. आमच्या लहानपणीं एस. टी.च्या गाडींत आणि आगगाडींत अर्ध्या तिकिटासाठीं मुलांचीं वयें वर्षानुवर्षें वाढत नसत. माझेंही वय असेंच बराच काळ थांबून राहिलें होतें. ती संवय माझ्यांत किती खोल रुजली होती हें मला सदुसष्टाव्या वर्षीं परक्या देशांतल्या नदीकांठीं कळलें.

नातू माझ्याकडे पाहूं लागला. मग त्या अधिकाऱ्याकडे वळून तो म्हणाला, “तेरा. चार तारखेला माझा वाढदिवस झाला.”

कोणी कांहीं बोललें नाहीं. पाण्यावर बूच डुलत होतें तेवढेंच. त्या गृहस्थाचें सौजन्य असें कीं त्यानें माझ्याकडे पाहिलें नाहीं. तो मुलाशींच बोलला. परवाना फुकट आहे, पण तो नांवावर असावयास पाहिजे. काठ्यांची संख्या ही एका माणसानें एका वेळीं किती काठ्या वापराव्या याची मर्यादा आहे, ती दुसऱ्यास वांटून देतां येत नाहीं. आज काठी आवरावी, घरीं जाऊन नांव नोंदवावें व मग खुशाल यावें. नाहीं तर दंड अडीच हजार पौंडांपर्यंत होऊं शकतो, हेंही त्यानें सांगितलें; पण तें माझ्यासाठीं होतें हें मला समजलें. त्यानें वहींत कांहीं टिपून घेतलें आणि तो पुढें गेला.

आम्ही सामान आवरलें. वाटेनें मुलगा बराच वेळ मुकाट चालत होता. मग म्हणाला, “आजोबा, तुम्ही बारा कां म्हणालांत?”

मीं त्याला अर्ध्या तिकिटाची गोष्ट सांगितली. ती त्यानें लक्षपूर्वक ऐकली व विचारलें, “मग मोठे झाल्यावर तुम्ही ते पैसे परत दिले का?”

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हतें.

त्यानें आईजवळ चकार शब्द काढला नाहीं. संध्याकाळीं मींच सर्वांना सांगितलें. मुलीला वाईट वाटलें, आमची मंडळी मात्र म्हणाली, “अहो, शाळेंत याच गोष्टीसाठीं मुलांना अंगठे धरून उभें करीत होतां ना?” मुलानें त्याच रात्रीं स्वतःच्या हातानें, आईला शेजारीं बसवून, आपला परवाना नोंदविला. त्याला पांच मिनिटें लागलीं. मीं माझ्यासाठीं वर्षाचा घेतला. आम्ही सप्टेंबरांत परत येणार होतों, म्हणजे हा व्यवहार तोट्याचा होता. पण तेवढा तोटा मला सोसावासा वाटला.

त्यानंतर आम्ही दोघांनीं सारे नियम एकत्र बसून वाचले. या वेळीं मास्तर तो होता. नदींतून घरीं नेण्याजोगे मासे किती, यावर फार बारीक मर्यादा आहेत. दिवसाला पासष्ट सेंटिमीटरपर्यंतचा एक पाइक, तीस ते अडतीस सेंटिमीटरचे दोन ग्रेलिंग, आणि इतर ठराविक जातींचे वीस सेंटिमीटरपर्यंतचे पंधरा लहान मासे. याहून अधिक नाहीं. वाम लागली तर ती सोडूनच द्यावयाची. येथें एक गोष्ट चौकस श्रोत्यांच्या ध्यानांत आली असेल. आपण समजतों कीं लहान मासा सोडावा व मोठा न्यावा. येथें मोठाही सोडावयाचा! कारण मोठी मादी ती अधिक अंडीं घालणारी. तिला नेलें तर पुढल्या पिढीचें बेणेंच गेलें. शेतकरी चांगलीं कणसें बियाण्याला राखतो, त्यांतलेंच हें. ग्रेलिंगच्या बाबतींत तर खालची व वरची दोन्ही मर्यादा आहेत. लहान मोठा व्हावा, आणि मोठ्यानें अंडीं घालावीं.

दुसरा नियम शिशाचा. दोरा खालीं जावा म्हणून आम्ही लहानपणीं शिशाच्या गोळ्या दातांनीं चावून दोऱ्यावर बसवीत असूं. दात अजून शाबूत आहेत ही देवाची कृपा. इंग्लंडांतही तीच रीत होती. गळवाल्यांच्या हातून त्या गोळ्या कांठाशीं सांडत. राजहंस अन्न दळण्यासाठीं पोटांत खडे घेतो. त्यांबरोबर तो या गोळ्याही गिळूं लागला आणि शिशाच्या विषानें नद्यानद्यांवर राजहंस मरूं लागले. कारण उघडकीस आल्यावर १९८७ सालीं पाऊण औंसाहून हलक्या नव्हे, पुऱ्या एक औंसापर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी घालण्यांत आली. अगदीं बारीक, धुळीएवढे दाणे तेवढे चालतात. पुढें राजहंसांची संख्या वाढली. मीं ट्रेंटवर ज्या जोड्या पाहिल्या त्या अशा वांचलेल्या कुळांतल्या.

मासा उचलण्याच्या जाळीला गांठी नसाव्या, कारण गांठींनीं माशाचे खवले व अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो. मासे कांहीं वेळ जिवंत ठेवावयाची जी लांब जाळीदार पिशवी असते तिची लांबी निदान दोन मीटर पाहिजे. परवान्याचे पैसे कोठें जातात असें मुलानें विचारलें, तर त्याचेंही उत्तर नॉटिंगहॅमजवळच सांपडलें. कॅल्व्हर्टन या खेड्यापाशीं सरकारी मत्स्यशेत आहे. तेथें भरड्या जातीचे मासे वाढवून देशभरच्या नद्यांतळ्यांत सोडतात, आणि त्या खर्चाचा भार परवान्यांच्या पैशांवर आहे.

एक प्रश्न मात्र मला नियमांच्या पुस्तकांत सुटलेला दिसला नाहीं, आणि तो आमच्या मंडळीनें विचारला होता. “खायचा नाहीं, विकायचा नाहीं, धरायचा नि सोडायचा; मग त्या मुक्या जिवाच्या तोंडांत कांटा रुतवायचा कशाला?” तेथील लोक म्हणतात कीं गळवाले आहेत म्हणून नदीला राखणदार आहेत, घाण सुटली तर पहिली ओरड तेच करतात. तें खरें आहे. पण माशाच्या बाजूनें तें पुरेसें उत्तर होतें असें मला प्रामाणिकपणें म्हणतां येत नाहीं. मीं गळ टाकणें सोडलें नाहीं, एवढेंच सांगतों.

हा छंद विलायती आहे असें मात्र कोणी समजूं नये. इंग्रज लोक आयझॅक वॉल्टन याच्या १६५३ सालच्या गळावरील ग्रंथाचा मोठा गौरव करतात. त्याच्या आधीं पांचशें वर्षें कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत राजाच्या विनोदांमध्यें ‘मत्स्यविनोद’ सांगितला आहे. माशांच्या जाती, ते कोठें राहतात, कोणाला कोणतें खाद्य आवडतें, काठी कशी, दोरी कशी, हें सारें त्यांत आहे. राजाला परवाना कोण मागणार, हा भाग निराळा.

आतां आपल्याकडील स्थिति. तेथून परत आल्यावर मीं थोडी चौकशी केली. इंग्रजी अमदानींत १८९७ सालीं हिंदुस्थानासाठीं मासेमारीचा कायदा झाला. पाण्यांत सुरुंगाची दारू उडवून किंवा विष कालवून मासे मारणें हा त्यानें गुन्हा ठरविला, आणि जाळ्यांची भोकें, बांध, बंदीचा काळ यांविषयीं नियम करण्याचा अधिकार सरकारांना दिला. राज्यघटनेनें हा विषय राज्यांच्या यादींत घातला. महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा १९६० सालचा आहे. सुरुंगाची गोष्ट मी डोळ्यांनीं पाहिलेली आहे. कृष्णेच्या एका डोहांत कोणीं तरी तोटा टाकला. पाणी उसळलें, आणि क्षणांत पांढरीं पोटें वर करून शेंकडों मासे तरंगूं लागले. पिलें, अंड्यांनीं भरलेल्या माद्या, बोटाएवढीं पोरें, सारीं एकदम. मोठे तेवढे उचलून नेले, बाकीचे वाहून गेले. गेळफळें कुटून पाण्यांत टाकण्याची रीतही जुनी आहे. त्या डोहावर आम्ही मुलें पुढें दोन वर्षें गळ घेऊन बसलों, पण बूच बुडालें नाहीं.

हौशी मनुष्यानें महाराष्ट्रांत काय करावें? आपल्याकडे बहुतेक तलाव व धरणांचे जलाशय मासेमारीसाठीं मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्यानें दिलेले असतात. त्यांत मत्स्यबीज सोडण्याचा खर्च त्या संस्थेनें केलेला असतो. तेव्हां ‘नदी सर्वांची, तळें सर्वांचें’ हें माझें बाळपणचें तत्त्व येथेंही चालावयाचें नाहीं. प्रथम त्या संस्थेकडे आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कचेरींत विचारावें. कांहीं ठिकाणीं, मुंबईच्या पवई तलावासारखीं, गळवाल्यांचीं स्वतंत्र मंडळें आहेत; तेथें त्यांचे नियम. पिण्याच्या पाण्याच्या धरणांवर पाटबंधारे खात्याची किंवा नगरपालिकेची मनाई असूं शकते. अभयारण्यांत व राष्ट्रीय उद्यानांत १९७२ सालचा वन्यजीव संरक्षणाचा कायदा लागू होतो; तेथें हौस घेऊन जाऊंच नये. समुद्रावर जून व जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, ती याच विणीच्या कारणानें आणि खवळलेल्या दर्यामुळें.

परवान्यावांचून पाळला जाणारा एक नियमही आपल्याकडे आहे. महाडच्या बाजूला वाळणकोंड येथें डोहांतले मोठमोठे मासे देवीचे मानतात. वाडा तालुक्यांत तिळसे येथें वैतरणेच्या कांठीं महादेवाचें देऊळ आहे, तेथील मासेही देवाचेच. लोक त्यांना चुरमुरे-लाह्या घालतात आणि गळ कोणी टाकीत नाहीं. हे मासे महासीर जातीचे आहेत. धरणांनीं, सुरुंगांनीं व अति धरण्यानें ही जात देशांत इतरत्र फार घटली. लोणावळ्यास वळवण येथें टाटांच्या कंपनीनें कित्येक वर्षें तिचीं पिलें वाढवून ठिकठिकाणीं पाठविलीं आहेत. वाळणकोंडला मात्र बेलिफही नाहीं आणि दंडही नाहीं. माझ्या नातवाला मीं हें सांगितलें तेव्हां तो म्हणाला, “पण देवीला सगळ्यांचें खरें वय माहीत असणार.”

जुलईंत एका शनिवारीं आम्ही पुन्हां ट्रेंटवर बसलों होतों. नियमांच्या वाचनांत मुलाला एक कलम सांपडलें होतें व त्यानें तो फार खूष होता. १९७५ सालच्या त्यांच्या कायद्याप्रमाणें परवाना जवळ असलेला कोणीही मनुष्य, प्रथम आपला परवाना दाखवून, शेजारीं गळ टाकून बसलेल्याचा परवाना पाहूं मागूं शकतो. हा अधिकार आपण कांठावरच्या सर्वांवर चालवावा असें त्याच्या मनांत होतें. मीं त्याला कसाबसा आवरला. अर्धा तास गेला. मग तो उठून माझ्यासमोर उभा राहिला, खिशांतून आपला छापलेला कागद काढून त्यानें माझ्यापुढें धरला, आणि म्हणाला, “आजोबा, तुमचा दाखवा.”

मीं काठी खालीं ठेविली, हात पुसले आणि खिशांतला कागद काढून त्याच्या हातीं दिला. त्यानें तो नीट, वरपासून खालपर्यंत, जन्मतारखेसह वाचला.